तात्यांच्या डाव्या कानामागे

लेख मागताना संपादकांनी एकच अट घातली: कुणाचंही खरं नाव घ्यायचं नाही. मी फोनवर मोठ्यानं हसलो आणि त्यांना वाटलं, अट मान्य झाली. हसू वेगळ्याच कारणानं आलं होतं. सत्तावीस वर्षं मी लोकांची नावं सांगण्याचीच भाकरी खाल्ली. आता नेमकं तेवढं सोडून बाकीचं लिहा म्हणतात. लिहितो. माणसं तीच ठेवली आहेत, नावं तेवढी बदलली आहेत.

मी एका आमदाराचा पीए होतो. आमचा मतदारसंघ नांदेड आणि लातूरच्या मधे कुठंतरी आहे असं धरून चाला. कंधारचा बाजार आमच्या पायाखालचा, साहेबांचं घर नांदेडला, आणि लोकांची निम्मी कामं लातूरला. आमदारांना सगळे तात्या म्हणत, म्हणून मीही तात्याच म्हणतो. मला अख्खा तालुका मास्तर म्हणे. कागदोपत्री मी तात्यांच्याच संस्थेतल्या एका शाळेवर मराठीचा शिक्षक होतो. माझ्या हातून एकही विद्यार्थी नापास झाला नाही, कारण मी वर्गात कधी गेलोच नाही. माझं नाव यशवंत आहे, पण ते हजेरीपटाबाहेर फारसं कुणी वापरलं नाही.

तात्यांनी मला का ठेवलं, याबद्दल भ्रम मला पहिल्या दिवसापासून नव्हता. तात्या मोठ्या शेतीवाडीच्या घरातले. आम्ही बौद्ध, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. आमच्या समाजाचा शिकलेला माणूस गाडीत पुढच्या सीटवर दिसला की वस्तीवस्तीत काय बोललं जातं, ते तात्यांना पक्कं माहीत होतं. मलाही होतं. आम्ही दोघांनी तो विषय कधी काढला नाही आणि त्यामुळेच आमचं जमलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पीए म्हणजे फोन उचलणारा आणि पत्रं टाइप करणारा. ते कुणालाही येतं. पीएचं खरं काम उभं राहण्याचं आहे. तात्यांना उजव्या कानानं जरा कमी ऐकू यायचं, म्हणून माझी जागा डावीकडे, अर्धं पाऊल मागं. समोरून कुणी हात जोडून यायला लागला की तो पोचायच्या आत त्याचं नाव, त्याचं गाव आणि घरातली एक बातमी मी तात्यांच्या कानात घालायचो. "नागोराव. वाडीचा. पोरगी नर्स झाली." ओठ हलवायचे नाहीत, नजर भलतीकडेच. तात्या लगेच दोन्ही हात पसरायचे आणि म्हणायचे, "काय नागोराव, नर्सबाईनं पयली सुई तुमालाच टोचली म्हणं!" नागोराव पुढचे सहा महिने हे वाक्य पारावर सांगत फिरायचा. वाक्य तात्यांचं असायचं, ते मी कबूल करतो. माल माझा आणि दुकान त्यांचं, असा कारभार होता.

तात्यांच्या याददाश्तीची अशी कीर्ती झाली की एका वार्ताहरानं त्यावर अर्धं पान लिहिलं. त्या अर्ध्या पानाचा मजकूरही मीच पुरवला होता.

आता प्रश्न असा की मलाही माणूस ओळखू आला नाही तर? मीही माणूसच आहे. त्यासाठी आमची एक खूण होती. मी दोन बोटं तात्यांच्या कोपराला टेकवायचो, म्हणजे 'हा कोण ते मलाही ठाऊक नाही'. तेवढं झालं की तात्या समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचे, आवाज खाली आणायचे आणि विचारायचे, "आईची तब्येत कशी हाय आता?"

या प्रश्नावर आमच्या दोन निवडणुका तरल्या असतील. आई प्रत्येकाला असते आणि आमच्याकडे प्रत्येक आईचं काहीतरी दुखतंच. प्रश्न मूळ तात्यांचा. त्यातला 'आता' मात्र मी सुचवला. 'आता' म्हटलं की मागच्या दुखण्याची आमदारांना खबर होती असं वाटतं. समोरचा माणूस विरघळून म्हणायचा, "बरी हाय तात्या, गुडघे तेवढे दुखतेत." पाठोपाठ आईचं नाव यायचं, गाव यायचं, मग मला धागा लागायचा आणि पुढचं मी सांभाळून घ्यायचो.

एकदाच फजिती झाली. देगलूरकडच्या एका गावात लग्नाला गेलो होतो. मांडवाच्या दाराशी माझ्या चपलेचा अंगठा तुटला, मी खाली वाकलो, आणि तेवढ्यात तात्यांनी स्वतःच्या हिमतीवर एकाचा हात धरून आईची तब्येत विचारली. वर बघतो तर त्या माणसाचं डोकं तासलेलं. आई जाऊन पंधरवडा झाला होता. तात्यांनी त्याचा हात सोडला नाही. दोन क्षण त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठावं हाय मला. पण त्या माउलीबद्दल इचारल्याशिवाय तुज्यासंगं बोलायची सवय न्हाई रं." तो माणूस त्यांच्या गळ्यात पडून रडला. तो आजही आमच्याकडून प्रचार करतो. त्याची आई तात्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. गाडीत बसल्यावर तात्या मला इतकंच म्हणाले, "मास्तर, बुटं घालत जा."

कामांचं म्हणाल तर लोक समजतात आमदार कायदे करतो. आमचे कायदे जूनमध्ये सुरू व्हायचे. दहावीचा निकाल लागला की मतदारसंघातला प्रत्येक बाप पोराला डॉक्टर करायला लातूरला निघायचा आणि वाटेत आमच्या दारात थांबायचा. क्लासला प्रवेश हवा, क्लासजवळ खोली हवी, खोलीत खिडकीजवळची कॉट हवी. तात्या एकदा वैतागून म्हणाले, "लोकांनी मला सभागृहात धाडलं का वसतिगृहात, तेच कळंना." मी पत्र तयारच ठेवलेलं असायचं. पत्राचंही शास्त्र आहे. नुसतं पत्र म्हणजे काही होणार नाही. पत्राच्या मागोमाग माझा फोन गेला तर बघू. आणि तात्यांचा स्वतःचा फोन गेला तरच काम. पत्र मात्र सगळ्यांना एकाच तोंडभर हसण्यासकट दिलं जायचं. एकानं भावाला पोलीस ठाण्यातून सोडवायला पत्र नेलं आणि तासाभरात त्याची भावजय आली, नवऱ्याला आणखी दोन दिवस आतच ठेवा म्हणून. तिलाही पत्र दिलं. नवऱ्याला शेवटी पोलिसांनीच कंटाळून सोडलं. दोघंही पेढे घेऊन आली.

असा हा धंदा. मी त्याला नावं ठेवतो, पण मला तो आवडायचा हे लपवत नाही. हजारो माणसं मला नावानिशी पाठ होती. बायको म्हणायची, स्वतःच्या लेकरांची इयत्ता विचारावी लागते तुम्हाला. ते खरं होतं.

एक गोष्ट मात्र तात्यांना मला सांगावी लागली नाही, आणि ती इथं सांगितलीच पाहिजे. माझी आई वारली त्या दिवशी मी घरचा होतो, कुणाच्या कानामागे नव्हतो. आमच्या दारात सतरंजीवर माणसं बसलेली. तात्या एकटेच आत आले. मागं कुणी नाही, पुढं कुणी नाही. चपला बाहेर काढल्या, खाली बसले आणि वस्तीतल्या बायांना म्हणाले, "गयाबाईनं मला ज्वारीची भाकर अन् ठेचा वाढला होता. ह्या इथंच बसून खाल्ला. पाणी मागितलं तर हसली होती मला." आईचं नाव त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा वर्षांपूर्वीची ती भाकरी मीसुद्धा विसरून गेलो होतो. मी कोपऱ्यात तोंड फिरवून रडलो, आईसाठी आणि थोडा त्यासाठीही. त्यानंतर मला दुसऱ्या साहेबांकडून दोनदा बोलावणं आलं, जास्त मानाचं. मी गेलो नाही.

पुढं तात्या विसरायला लागले.

पहिली शंका मला एका साखरपुड्यात आली. तात्यांनी त्यांच्या सख्ख्या मेहुण्याचा हात धरला आणि विचारलं, आईची तब्येत कशी हाय आता? मेहुण्याची आई म्हणजे तात्यांचीच सासू, जाऊन वीस वर्षं झालेली. मेहुण्याला वाटलं जुन्या वाटणीवरून टोमणा मारला. तो ताटावरून उठला आणि दोन घरांत वर्षभर अबोला झाला. सगळ्यांनी भांडणाची चर्चा केली. मी एकटा घाबरलो होतो, कारण कोपराला बोटं मी लावली नव्हती.

मग आमचे ड्रायव्हर खलीलभाई एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, कंधार येस्तोवर तात्यांनी मला तीनदा इचारलं, कुठं चाललो म्हणून. मी तीनदा सांगितलं. मला डर लागून राहिला." लातूरच्या बाजारातून जाताना तात्यांनी मलाही विचारलं, ही पेठ कुठली. मी सांगितलं, लातूर. ते हसून म्हणाले, तुमची परीक्षा घेऊन राहिलो. मीही हसलो. दोघांनाही कळलं होतं.

डॉक्टरांकडे आम्ही तिघंच गेलो. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तात्यांनी शांतपणे ऐकलं. परत येताना गाडीत म्हणाले, "घरी बोलू नका, पार्टीत बोलू नका. तुमी हाय तवर मला काय हुतंय, मास्तर?" निवडणूक चार महिन्यांवर होती. मी हो म्हणालो. मला तेव्हा ती स्वामिनिष्ठा वाटली. आज विचार करतो तेव्हा त्यात माझीही हौस होती असं वाटतं. तात्या घरी बसले असते तर मी कुणाच्या कानामागे उभा राहणार होतो?

आम्ही ती निवडणूक जिंकलो. मी आता नावगावाबरोबर बाकीचंही सांगू लागलो. ही तुमची धाकटी सून. आज मंगळवार आहे. या माणसानं मागच्या वेळी आपल्याविरुद्ध काम केलं, गळ्यात पडू नका. गंमत अशी की नावं गेली तरी तात्यांचा विनोद गेला नाही. नाव मिळालं की त्यावरची कोटी आपोआप यायची. पाच वर्षं एक आमदारकी दोन माणसांनी मिळून केली आणि मतदारसंघाच्या कामात काडीचा फरक पडला नाही. आमदाराला नेमकं किती आठवावं लागतं, याचा अंदाज मला तेव्हा आला.

फरक पडला तो एका ठिकाणी. ओढ्यापलीकडे एक वस्ती आहे. पावसाळ्यात पोरांना शाळेत जायचं तर छातीइतक्या पाण्यातून जावं लागायचं. तिथल्या सोजरबाईनं प्रचारात तात्यांच्या गाडीपुढं उभं राहून ओढ्यावर साकव मागितला होता. साकव म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. जिल्ह्याच्या बैठकीत कुठली कामं धरायची ते ठरणार होतं. मी यादीत तो साकव पहिला लिहिला, तात्यांकडून गाडीत चार वेळा घोकून घेतला आणि कागद त्यांच्या खिशात घातला. पण बैठकीत पीएला प्रवेश नसतो. आम्ही सगळे पीए बाहेर बाकड्यावर चहा पीत बसतो. दार बंद झालं आणि दुखणं कळल्यापासून पहिल्यांदा तात्यांचा डावा कान माझ्यापासून लांब गेला.

आतून आलेले एक ओळखीचे सदस्य म्हणाले, तुमचे साहेब आज मोठ्या मनाचे निघाले, पाळी आली तर म्हणाले, आमचं काही नाही, बाकीच्यांचं होऊ द्या. साकव दुसऱ्या तालुक्यात गेला. कागद तात्यांच्या खिशात घडी न मोडता तसाच होता.

सोजरबाईकडे मी एकटा गेलो. वाटेत बरीच कारणं जुळवली होती. निधी, मंजुरी, पुढचं वर्ष. तिनं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "तात्यांना आता याद ऱ्हात न्हाई, हे आमाला ठावं हाय, मास्तर. समद्या गावाला ठावं हाय. म्हणून तर मत देताना आमी तुमच्याकडं बघितलं. तुमाला तर ऱ्हाती ना याद?"

जगापासून लपवतोय असं आम्हाला वाटत होतं आणि जग आमचं मन राखून गप्प बसलं होतं. साकव पुढच्या वर्षी झाला, त्यासाठी मी दारोदार फिरलो, त्याचं श्रेय सांगत नाही. मधल्या पावसाळ्यात सोजरबाईची नात शाळेत गेलीच नाही आणि नंतर तिला कुणी परत घातलं नाही. तिचं नाव सुनंदा. हे नाव मी बदललेलं नाही.

सोजरबाईकडून परतलो त्याच दिवशी मी तात्यांच्या चिरंजीवांना सगळं सांगून टाकलं. ते रागावले नाहीत, त्यांनाही ठाऊकच होतं. म्हणाले, एवढी मुदत संपू द्या, पुढं मी उभा राहतो. माझी बढाई एवढीच उरली की हे गुपित राहिलेलं नाही, ते सगळ्यात शेवटी मला कळलं.

मुदत संपली आणि नांदेडला तात्यांचा भव्य सत्कार ठरला. हा लेख त्या सत्काराबद्दल लिहायचं म्हणूनच मी घेतला, बाकीचं सगळं तिथं पोचायला. चिरंजीवांची परवानगी घेतलेली नाही. तात्या वाचतील अशी धास्ती राहिलेली नाही.

सभागृह भरलेलं होतं. तात्यांना फेटा बांधला, शाल घातली. मी नेहमीच्या जागी, डाव्या कानामागे. भाषणं झाली, आणि तात्या आभार मानायला उठले. मी एकेक नाव सांगत गेलो, ते एकेकाला समोर बोलावून हात हातात घेत गेले. प्रत्येकावर कोटी, प्रत्येकावर हशा. नव्वदी गाठलेल्या एका कार्यकर्त्याला म्हणाले, "अजून हाय का तुमी? मी तर तुमच्या तेराव्याचं जेवण करून आल्यासारकं वाटतंय." म्हातारा खोकेपर्यंत हसला. शेवटी मी खलीलभाईंचं नाव सांगितलं. तात्यांनी त्यांना मिठी मारली आणि म्हणाले, ह्या माणसानं मला आयुष्यभर खड्ड्यातून नेलं पण खड्ड्यात घातलं न्हाई.

यादी संपली. तात्या माझ्याकडे वळले. त्यांच्या लक्षात आलं होतं की एक माणूस राहिला आहे, अगदी जवळ उभा आहे, आणि त्याचं काहीतरी देणं लागतो. त्यांनी डावा कान माझ्याकडे किंचित कलता केला. नाव सांगा, म्हणून.

सांगायला काय हरकत होती? यशवंत. मास्तर. सत्तावीस वर्षं. एवढं पुरलं असतं आणि तात्यांनी त्यावर अशी काही कोटी केली असती की मी ती मरेपर्यंत सांगत फिरलो असतो, नागोरावासारखा. पण नाव माझ्या ओठांवरून पुढं सरकेना. मला बघायचं होतं, आपोआप येतं का. गयाबाईचं आलं होतं तसं.

तात्या वाट बघत राहिले. मीही. माइक चालू होता. पुढच्या रांगेत चिरंजीव खुर्चीत सरळ झाले. मागं कुणीतरी खाकरलं. तात्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती पाहिली, आणि सगळ्या सभागृहासमोर ती भीती मीच त्यांना घातली होती. मला माझीच लाज वाटली. माझा हात पुढं गेला आणि मी दोन बोटं त्यांच्या कोपराला टेकवली. हा कोण ते मलाही ठाऊक नाही.

तात्यांचा चेहरा लगेच मोकळा झाला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, आवाज खाली आणला आणि विचारलं, "आईची तब्येत कशी हाय आता?"

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. बघा, स्वतःच्या सत्कारातसुद्धा पीएच्या आईची चौकशी, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. टाळ्या थांबेपर्यंत तात्यांनी हात सोडला नाही. ते उत्तराची वाट बघत होते, खरोखर बघत होते.

मी म्हणालो, "बरी हाय तात्या, गुडघे तेवढे दुखतेत."